'मला उमजलेले बालगंधर्व' : ध्वनिमुद्रित अभिवादनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एका कलावंताने आपल्या आधीच्या थोर कलावंताला वाहिलेली आदरांजली ही संगीताच्या इतिहासात नवी गोष्ट नाही. गुरूची पुण्यतिथी, गुरुपौर्णिमेचा उत्सव, घराण्याच्या संस्थापकाच्या नावाने भरणारा समारोह या रूपांनी आपल्याकडे ही परंपरा दीर्घकाळ चालत आली आहे. मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या आदरांजलीला एक नवे माध्यम लाभले. ते माध्यम म्हणजे दीर्घ ध्वनिमुद्रिका. एकाच पूर्वसूरीच्या रचना किंवा गीते निवडायची, त्यांची विचारपूर्वक मांडणी करायची आणि ती आपल्या ढंगाने सादर करून एका तबकडीत ग्रथित करायची, असा हा प्रकार आहे. पाश्चात्त्य जॅझ संगीतात तो चांगलाच रुजला. मराठी संगीतात त्याचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण म्हणून पं. कुमार गंधर्व यांच्या 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमाकडे व त्याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेकडे पाहता येते.

बालगंधर्वांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. चरित्रे, आठवणी, गौरवग्रंथ आणि समीक्षालेख यांची मोठी परंपरा निर्माण झाली आहे. परंतु एका गायकाने दुसऱ्या गायकाविषयी गाऊन मांडलेले मत हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो, याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. लिखित कागद तेवढे साधन आणि ऐकलेले गाणे ही केवळ करमणूक, अशी विभागणी आपण नकळत स्वीकारलेली असते. प्रस्तुत निबंधात या विभागणीचा फेरविचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ध्वनिमुद्रित अभिवादन हा प्रकार कोणत्या तांत्रिक परिस्थितीत निर्माण झाला, हे पाहणे.
२) बालगंधर्वांच्या गायनाची घडण आणि कोल्हापूर परिसर यांचा संबंध स्पष्ट करणे.
३) 'मला उमजलेले बालगंधर्व' या उपक्रमातील अनुकरण व आकलन यांतील भेद तपासणे.
४) इतिहासाचे साधन म्हणून अशा ध्वनिमुद्रिकेची उपयुक्तता व मर्यादा निश्चित करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. तुलनेसाठी अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या दोन ध्वनिमुद्रिका विचारात घेतल्या आहेत.

तबकडीचे तंत्र आणि अभिवादनाचा आकृतिबंध

कोणत्याही कलाप्रकाराचा उदय केवळ भावनेतून होत नाही. त्याला भौतिक साधनांचा आधार लागतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः तीन ते साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. एवढ्या अवकाशात एक पद कसेबसे बसे. एखाद्या कलावंताच्या समग्र कार्याविषयी काही म्हणायचे तर ते तेथे शक्य नव्हते. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घ ध्वनिमुद्रिका बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक काळ सलग संगीत ऐकण्याची सोय झाली. गीतांची निवड, त्यांचा क्रम आणि त्यामागील सूत्र यांना त्यामुळे महत्त्व आले. सुटे पान जाऊन पुस्तक हाती यावे, तसा हा बदल होता.

या सोयीचा लाभ घेऊन लुई आर्मस्ट्राँग (१९०१-१९७१) यांनी १९५४ मध्ये डब्ल्यू. सी. हँडी (१८७३-१९५८) यांच्या रचनांची एक ध्वनिमुद्रिका केली. हँडी हे 'ब्लूज' या कृष्णवर्णीयांच्या गीतप्रकाराला लिपिबद्ध करून सर्वदूर पोहोचविणारे रचनाकार होत. हँडी तेव्हा हयात होते. त्यांची 'सेंट लुई ब्लूज' ही सुप्रसिद्ध रचना १९१४ मधील. १९२५ मध्ये गायिका बेसी स्मिथ यांनी ती ध्वनिमुद्रित केली, तेव्हा साथीला तरुण आर्मस्ट्राँगच होते. त्या वेळी तबकडीने दिलेला वेळ सुमारे तीन मिनिटांचा होता. १९५४ च्या ध्वनिमुद्रिकेत तीच रचना जवळजवळ नऊ मिनिटे चालते. वादक तोच, रचना तीच, परंतु मधल्या एकोणतीस वर्षांत साठलेले आकलन मांडण्यास आता जागा उपलब्ध झाली होती.

पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, आर्मस्ट्राँग यांनी दिवंगत पियानोवादक व रचनाकार फॅट्स वॉलर (१९०४-१९४३) यांच्या गीतांची 'सॅच प्लेज फॅट्स' ही ध्वनिमुद्रिका सादर केली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वॉलर यांचे वाद्य पियानो, तर आर्मस्ट्राँग यांचे ट्रम्पेट. वाद्यच निराळे असल्याने हुबेहूब अनुकरणाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आर्मस्ट्राँग यांना वॉलर आपल्या भाषेत सांगावे लागले. अभिवादन आणि अनुकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

करवीर परिसर आणि गंधर्वगायन

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. ते मूळचे आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाण्याचे. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्यांच्या नाट्यजीवनाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय महत्त्वाचा ठरला, हे त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदविले आहे. तथापि कोल्हापूरचे ऋण केवळ राजाश्रयापुरते मर्यादित नाही. ते अधिक खोलवरचे, म्हणजे थेट गाण्याच्या घडणीतील आहे.

शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) स्थिरावले आणि जयपूर-अत्रौली गायकीचे केंद्र कोल्हापुरात निर्माण झाले. या गायकीचा प्रभाव दोन मार्गांनी मराठी रंगभूमीपर्यंत पोहोचला. पहिला मार्ग गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांचा. आग्रा घराण्याची तालीम घेतलेल्या बुवांनी अल्लादिया खाँसाहेबांकडेही विद्या संपादन केली होती आणि बालगंधर्वांचे ते गुरू होते. दुसरा मार्ग कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांचा. हार्मोनियमवादक, संगीतरचनाकार आणि साक्षेपी लेखक असलेले गोविंदराव खाँसाहेबांच्या सहवासात वाढले. १९११ च्या 'मानापमान' या नाटकाच्या चाली गोविंदरावांच्या, तर १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाचे संगीत भास्करबुवांचे. ठुमरी, दादरा आणि ख्याल यांचे रागदारी वैभव या दोन नाटकांतून सामान्य प्रेक्षकाच्या कानी पडले. 'नाथ हा माझा' या पदातून ज्याने यमन प्रथम ऐकला, अशा श्रोत्यांची संख्या महाराष्ट्रात लहान नसावी.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असा साथसंगतीचा थाट या मंडळीने उभा केला. नाटकातील पद हे कथानकाच्या ओघात येणारे साधन न राहता स्वतंत्र मैफलीच्या योग्यतेला पोहोचले. त्यासाठी मंडळीने अमाप खर्च केला आणि पुढे कर्जाचा भारही सोसला.

याच काळात कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले (१८९०-१९२१) यांची ललितकलादर्श मंडळी गाजत होती. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त केशवराव धैर्यधराच्या आणि बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत एकत्र आले. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवरावांचे निधन झाले. त्या प्रयोगाची स्मृती शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. मात्र त्या रात्रीचा स्वर कोणत्याही तबकडीत शिल्लक नाही. बालगंधर्वांच्या ज्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत, त्या तीन मिनिटांच्या आहेत. 'वन्समोअर'च्या गजरात पहाटेपर्यंत रंगणाऱ्या पदाचा विस्तार त्यांत सापडत नाही. म्हणजे बालगंधर्वांच्या इतिहासकारासमोर साधने आहेत, पण ती त्रोटक आहेत. या त्रोटक साधनांतून समग्र कलावंताचा बोध कसा करून घ्यावा, हा खरा प्रश्न आहे. कुमार गंधर्वांचा प्रयत्न या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा.

कुमार गंधर्व : अनुकरणाकडून आकलनाकडे

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ ऊर्फ कुमार गंधर्व यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावनजीक सुळेभावी येथे झाला. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा जेथे एकमेकींत मिसळतात, असा हा सीमाभाग. बालवयातच त्यांनी साऱ्यांना थक्क करणारी एक सिद्धी दाखविली. नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ते त्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे आदींचे गाणे या मुलाच्या गळ्यातून हुबेहूब उमटत असे. अलाहाबादच्या संगीत परिषदेत त्यांच्या गायनाने जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्यांना याच बालवयातील पराक्रमाबद्दल मिळाली होती.

त्यानंतर ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधर (१९०१-१९९०) यांच्या विद्यालयात शिकू लागले. मूळचे मिरजेचे असलेले देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य. परंतु त्यांनी स्वतःला एका घराण्याच्या चौकटीत बांधून घेतले नाही. सर्व घराण्यांचे गाणे ऐकावे, त्यातील मर्म शोधावे आणि कारणांसह समजून घ्यावे, ही दृष्टी त्यांच्याकडून कुमारांना लाभली. अनुकरणात निष्णात असलेल्या मुलाला 'हे असे का?' असा प्रश्न विचारावयास लावणारे हे शिक्षण होते.

१९४८ मध्ये कुमार गंधर्व देवासला गेले. क्षयरोगामुळे काही वर्षे त्यांना गाणे पूर्णतः बंद ठेवावे लागले. अंथरुणाला खिळलेल्या या काळात माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली आणि रागाच्या मुळाशी असलेल्या धुनीचा विचार त्यांच्या मनात आकाराला आला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला 'अनूपरागविलास' हा ग्रंथ त्या चिंतनाची साक्ष देतो. 'गीतवर्षा', 'त्रिवेणी', 'तांबे गीतरजनी' यांसारखे एका सूत्रात बांधलेले कार्यक्रम त्यांनी रचले. 'मला उमजलेले बालगंधर्व' हा याच मालिकेतील उपक्रम होय. मनात आणले असते तर बालगंधर्वांची हुबेहूब नक्कल करण्याची क्षमता ज्याच्या गळ्यात बालपणापासून होती, त्याच कलावंताने येथे नक्कल जाणीवपूर्वक टाळली, ही गोष्ट मूलभूत महत्त्वाची आहे.

शीर्षकातील विचार

या उपक्रमाचे शीर्षक बारकाईने पाहण्यासारखे आहे. मराठीत 'समजणे' आणि 'उमजणे' ही क्रियापदे जोडीने येत असली, तरी त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. समजणे हे दुसऱ्याने समजावून दिल्यानेही घडते. उमजणे मात्र आतून होते. त्याला वेळ लागतो आणि ते कोणी कोणाला देऊ शकत नाही. शीर्षकातील 'मला' हा शब्द या आकलनाची जबाबदारी गायकाने स्वतःकडे घेतल्याचे दर्शवितो. 'उमजलेले' या रूपाने त्या आकलनाची सीमाही आखून दिली आहे. जेवढे उमजले तेवढेच हे. याहून अधिक बालगंधर्व आहेत, याची कबुली त्यात अभिप्रेत आहे. या तीन शब्दांत नम्रता आणि अधिकार यांचा जो मेळ साधला आहे, तो इतिहासलेखनाच्या दृष्टीने आदर्श मानावा लागेल. इतिहासकारसुद्धा भूतकाळ जसाच्या तसा उभा करीत नाही. उपलब्ध साधनांवरून स्वतःला जो उमजला, तो भूतकाळ तो मांडतो. फरक एवढाच, की आपण हे शीर्षकात कबूल करण्याचे धैर्य क्वचितच दाखवितो.

येथे आर्मस्ट्राँग यांच्याशी केलेली तुलना उपयोगी पडते आणि तिची मर्यादाही दिसते. हँडी आणि वॉलर हे स्वतः रचनाकार होते. त्यांची रचना वाजविली की त्यांना अभिवादन घडते. बालगंधर्वांच्या बाबतीत तसे नाही. त्यांनी गाइलेल्या पदांचे शब्द खाडिलकर आदींचे आणि चाली टेंबे, बखले, मास्तर कृष्णराव आदींच्या. मग त्यात बालगंधर्वांचे स्वतःचे काय? उत्तर असे, की त्यांची मालकी होती ती गाण्याच्या रीतीवर. स्वराला नेमका स्पर्श, लयीशी सहज चाललेला लपंडाव, बोलण्यातून अलगद गाण्यात शिरणारा शब्दोच्चार आणि जागच्या जागी येणारी छोटी हरकत, या गोष्टी त्यांच्या होत्या. अशा रीतीला अभिवादन करणे हे रचनेला अभिवादन करण्याहून अधिक अवघड असते. रीत उचलली तर नक्कल होते. रीत सोडली तर केवळ चाल उरते.

कुमार गंधर्वांनी या पेचातून काढलेला मार्ग असा, की त्यांनी पदाची चाल व रागरूप कायम ठेवले, परंतु आवाज, फेक आणि विराम स्वतःचे ठेवले. स्त्रीभूमिकेतील नाजूक स्वराचा आभास निर्माण करण्याचा यत्न त्यांनी केला नाही. एखादी जागा बालगंधर्वांनी कोठे घेतली, यापेक्षा ती तेथे का घेतली, या प्रश्नाचा शोध त्यांच्या गाण्यात जाणवतो. त्यामुळे बालगंधर्वांचे पद हे केवळ गोड नाट्यगीत न राहता विचारपूर्वक बांधलेली बंदिश म्हणून ऐकू येऊ लागते. नाट्यसंगीताकडे दुय्यम दृष्टीने पाहणाऱ्या अभिजात संगीताच्या क्षेत्राला दिलेले हे एक उत्तरही होते. ज्यांच्या कानांत मूळ स्वर ठसलेला होता, अशा जुन्या रसिकांना हे गाणे काहीसे परके वाटावे, हे स्वाभाविकच. परंतु परकेपणाची ही जाणीव श्रोत्याला मूळ गाण्याकडे पुन्हा वळावयास भाग पाडते, हे या उपक्रमाचे यश मानावे लागेल.

साधन म्हणून मर्यादा

या उपक्रमाचा गौरव करताना त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. बालगंधर्व हे केवळ गायक नव्हते. ते नट होते. रुक्मिणी, भामिनी आणि 'एकच प्याला'तील सिंधू या भूमिकांपासून त्यांचे गाणे वेगळे काढता येत नाही. सिंधूचे पद हे दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसारातील एका स्त्रीचे पद असते. ते मैफलीत आले की त्यातील राग उजळतो, पण सिंधू पडद्याआड जाते. १९३५ मध्ये प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली, तेव्हा प्रेक्षकांनी ती मनापासून स्वीकारली नाही. त्यांचा स्वर आणि त्यांची स्त्रीप्रतिमा लोकमानसात किती एकजीव झाली होती, याचा हा पुरावा होय. पुरुषाने साकारलेल्या स्त्रीत्वाचा त्या काळातील समाजावर झालेला परिणाम, पोशाखाच्या व वागण्याच्या रीतींवर पडलेली त्याची छाप, स्त्रियांना रंगभूमी अप्राप्य असण्याची त्यामागील सामाजिक पार्श्वभूमी, हे सारे प्रश्न या ध्वनिमुद्रिकेच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणून ती बालगंधर्वांच्या इतिहासाचे एकमेव साधन ठरू शकत नाही. मात्र दुय्यम साधन म्हणून, म्हणजे एका श्रेष्ठ जाणकाराने केलेले भाष्य म्हणून, तिचे स्थान कोणत्याही समीक्षाग्रंथाहून कमी मानण्याचे कारण नाही.

निष्कर्ष

१) ध्वनिमुद्रित अभिवादन हा प्रकार दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या तंत्राशी निगडित आहे. त्या तंत्रामुळे निवड, क्रम आणि भाष्य यांना अवकाश मिळाला.
२) बालगंधर्वांच्या गायनाच्या घडणीत कोल्हापूर परिसरातील राजाश्रय, जयपूर-अत्रौली गायकी आणि गोविंदराव टेंबे यांचे कार्य यांचा निर्णायक वाटा आहे.
३) आर्मस्ट्राँग यांनी रचनांना, तर कुमार गंधर्वांनी गाण्याच्या रीतीला अभिवादन केले. दोघांनीही अनुकरण टाळले. मात्र कुमारांच्या बाबतीत अनुकरणाची क्षमता असूनही ते टाळणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.
४) अशी ध्वनिमुद्रिका हे इतिहासाचे ग्राह्य दुय्यम साधन आहे. तथापि नाट्यप्रयोगाचे सामाजिक अंग तिच्यात उतरत नाही, याचे भान ठेवावे लागते.

समारोप

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. १९१५ मध्ये शाहू महाराजांच्या काळात 'पॅलेस थिएटर' म्हणून उभी राहिलेली ही वास्तू पुन्हा होती तशी उभी करावी, अशी मागणी तत्काळ पुढे आली आणि पुनर्बांधणीचे काम हातीही घेण्यात आले. ही भावना रास्तच आहे. वास्तूच्या बाबतीत 'होती तशी' हा निकष बऱ्याच अंशी पाळता येतो. भिंतींची मापे, दगडाची जात, रंगमंचाची उंची यांची नोंद ठेवता येते. परंतु त्या रंगमंचावर घुमलेल्या स्वराच्या बाबतीत हा निकष निरुपयोगी ठरतो. तेथे 'होते तसे' गाऊ गेल्यास हाती केवळ पोकळ नक्कल येते. जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने होणाऱ्या आपल्या अनेक कार्यक्रमांत नेमके हेच घडते. मूळ तबकडीतील जागा तंतोतंत घेतल्या जातात, टाळ्या मिळतात आणि बालगंधर्व अथवा केशवराव आपल्याला पूर्वीहून अधिक कळले आहेत काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक छोटी सूचना करता येईल. राजर्षी शाहूकालीन सांस्कृतिक इतिहास शिकविताना बालगंधर्वांची एक मूळ ध्वनिमुद्रिका आणि त्याच परंपरेतील कुमार गंधर्वांचे एक पद वर्गात लागोपाठ ऐकवावे. पहिले प्राथमिक साधन आणि दुसरे भाष्य, हा भेद विद्यार्थ्यांना व्याख्येपेक्षा कानाने लवकर कळेल. आपल्या पूर्वसूरींविषयी बोलताना 'मला उमजलेले' ही दोन पदे आधी जोडण्याची सवय त्यांना व आपणांसही लागली, तर इतिहासाच्या अध्ययनाला त्याचा लाभच होईल.